आयडा स्टॉरचा ट्रक

इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदरात लढाईनंतर ज्यांनी आयडा स्टॉरला पाहिलं, त्यांनी तिला पावाच्या गाडीवर पाहिलं. जाड मनगटं, कानावर पेन्सिल, आणि रस्त्यात कुणी आडवी सायकल घातली तर काच खाली करून ऐकवायचं ते ऐकवणार. लढाईत काय केलंस, असं कुणी विचारलं की म्हणायची, "गाडी चालवली." पुढे विचारायची कुणाची छाती नव्हती. ती छाती नव्हती म्हणूनच हे कुणीतरी लिहायला हवं होतं.

हवाई दलात ती गेली ती ट्रकसाठी. पदकं, झेंडे, राजा, यातलं काही डोक्यात नव्हतं. धक्क्यावर बर्फातले मासे कापून हात बारा महिने सुजलेले असायचे, आणि मासळीच्या व्यापाऱ्याच्या गाडीवर ती त्याच्या नकळत चालवायला शिकली होती. भरतीच्या टेबलामागच्या बाईने विचारलं, "काय येतं?"

"गाडी येते. स्वयंपाकही येतो, पण तो मी करणार नाही."

बाई हसली नाही, पण ड्रायव्हर म्हणून घेतलं.

तिला पाठवलं हॅगथॉर्पच्या तळावर. लिंकनशायरचा सपाट माळ, बीटची शेतं, आणि बुटाच्या वर येणारा चिखल. संध्याकाळ झाली की सात-सात जणांची टोळकी ट्रकमध्ये भरायची आणि मैदानाच्या कडेकडेनं दूरदूर उभ्या केलेल्या लँकेस्टर बॉम्बफेकी विमानांपाशी नेऊन सोडायची. सकाळी जे परत येतील त्यांना घेऊन यायचं. जे येणार नाहीत त्यांच्याबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

पोरं विशीतली. उड्डाणाआधी एक आणि सकाळी परत आल्यावर एक, असं प्रत्येकाला तळलेलं अंडं मिळायचं. बाकी देशाला अंड्याचा वासही मिळत नव्हता तेव्हा. ट्रकमध्ये त्यावरूनच चालायचं.

"ह्यू, तू नाही आलास तर सकाळचं तुझं अंडं माझं बरं का."

"घे की. पण बशी चाटू नकोस, तुझी आई बघत असते वरून."

"माझी आई जिवंत आहे, गाढवा."

"मग खालून बघत असेल."

हसायचे. आणि प्रत्येकाच्या खिशात शकुनाचं काहीतरी असायचंच. सशाचा पाय, बहिणीचा मोजा, कुणा पोरीची लेस. विमानात चढायच्या आधी सगळे मिळून मागच्या चाकावर मुतायचे. एकदा घाईत ते राहिलं, तर इंजिनं चालू असताना खाली उतरून आले होते. कुणी त्यांना हसलं नाही. तीस फेऱ्या झाल्या की सुटका, असा नियम होता. तीस करून गेलेला माणूस तळावर किती जणांनी पाहिला होता, हे ज्याचं त्याला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. 'मेला' हा शब्दच नव्हता. 'कापला गेला' म्हणायचे. सकाळी खाट रिकामी, दुपारी सामान उचललेलं, संध्याकाळी त्या खाटेवर नवा पोरगा, गादी अजून आधीच्याच्या अंगाने खोलगट.

लेन बार्कर हा वैमानिक तिच्याबरोबर दोनदा नाचला. नाचताना पाय तुडवायचा आणि दर वेळी माफी मागायची म्हणून नाच थांबवायचा. आयडाला तो आवडला होता. तो बर्लिनवरून आला नाही. मग ह्यू, तो अंड्यावाला, विमानाच्या शेपटीतल्या बंदुकीवर बसणारा. त्याच्याबरोबर तर ती फक्त चहा प्यायली होती, तोही त्याची सायकल पंक्चर झाली म्हणून. तोही आला नाही.

कँटीनमध्ये नाव पडलं. कापणारी. जो हिच्या जवळ गेला तो कापला गेला.

असं नाव पडायला सभा भरत नाही. कुणीतरी म्हणतं, दुसरा मान हलवतो, आणि तिसऱ्या दिवशी पोरं ऑलिव्हच्या ट्रकमध्ये दाटीवाटीने कोंबून बसतात आणि आयडाचा ट्रक मागे मोकळा धुगधुगत उभा. ऑलिव्ह तिच्याच खोलीतली, तिची मैत्रीण. बिचारी खाली मान घालून गिअर टाकायची.

आयडाला हे नवीन नव्हतं. बोट समुद्रात निघते त्या दिवशी ग्रिम्सबीत घरी कपडे धुवायचे नाहीत, माणूस वाहून जातो म्हणतात. तिच्या आईने धुतले होते. धाकटा आजारी होता, चादर घाण झाली होती, काय करणार. बाप आइसलंडकडून परत आला नाही. गल्लीतल्या बायका आईशी बोलायच्या बंद झाल्या. शेवटी आईने घर सोडलं, क्लीथॉर्प्सला मावशीकडे गेली, आणि त्या दिवशी गल्लीच्या लेखी खटला निकाली निघाला. पळाली, म्हणजे तिनेच केलं.

म्हणून तळावरच्या बायकांच्या अधिकारी मिस ऑल्डस यांनी ऑफिसात बोलावलं, तेव्हा आयडा दारातच पाय रोवून उभी राहिली.

"बस, स्टॉर. हे बघ, तुला कुणी दोष देत नाहीये."

"मग बोलावलंत कशाला, मॅडम?"

"मुलांच्या मनाचा प्रश्न आहे. ती कुठे जातात तुला माहीत आहे. त्यांना एवढंसं जरी मनाला लागलं..."

"एवढंसं म्हणजे मी."

मिस ऑल्डस वाईट नव्हत्या. वाईट बाई असती तर सोपं गेलं असतं. "तू स्वतः बदलीचा अर्ज कर. यॉर्कशायरला चांगली जागा आहे. मी शिफारस करते."

"हुकूम काढा, मॅडम. हुकूम पाळीन. अर्ज करणार नाही."

"का?"

"अर्ज केला तर मी कबूल केलं असं होईल."

मिस ऑल्डसनी चष्मा काढून पुसला. "तुझा ट्रक रिकामा फिरतो. रिकाम्या ट्रकला पेट्रोल आणि ड्रायव्हर मी कुठवर देऊ? शनिवारपर्यंत त्यात कुणी बसलं नाही, तर मला हुकूम काढावा लागेल. आणि कारण सगळ्यांना कळेलच."

त्याच संध्याकाळी हेगार्टी नावाच्या वैमानिकाची टोळी उशिरा बाहेर आली. ऑलिव्हचा ट्रक भरून गेला होता. राहिला होता आयडाचाच.

"यात नाही," हेगार्टी म्हणाला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ऑलिव्ह परत येईपर्यंत थांबू."

"पाऊण मैल आहे," आयडा म्हणाली. "चालत जा मग. माझ्या ट्रकच्या धुराचाही वास लागायला नको."

त्यांच्यातला एक हसला, लगेच गप्प झाला. ते थंडीत उभे राहिले, पाय आपटत, ऑलिव्हची वाट बघत.

सकाळी न्याहारीला ऑलिव्ह तिच्यासमोर येऊन बसली. लापशीला हात लावला नाही.

"हेगार्टी नाही आला."

आयडाने चमचा खाली ठेवला.

"माझ्या गाडीतून गेले होते ते, आयडा. माझ्या. आणि ऐक, विमान कुणाच्या हातचं होतं? टास्करच्या. लेनचं कुणाच्या हातचं होतं? टास्करच्याच. तुझं नाव कुणी ठेवलं? टास्करनेच. आता उठ आणि भर कँटीनमध्ये हे एवढंच बोल. दुपारपर्यंत तू सुटशील."

कार्पोरल एनॉक टास्कर चाळिशीचा, विमानांची इंजिनं सांभाळणारा. बायको-पोरं कॉव्हेंट्रीला. आयडा उठली ती त्याला धरायलाच. पण कँटीनमध्ये तो नव्हता. सायकलवरून ती मैदानाच्या टोकाला गेली.

हेगार्टीचं विमान जिथे उभं असायचं तिथे आता नुसता सिमेंटचा गोल आणि त्यावर तेलाचे डाग. टास्कर उपड्या खोक्यावर बसला होता. समोर मेणकापड, त्यावर पाने आणि पक्कड. एकेक पाना उचलायचा, कापडाच्या कप्प्यात घालायचा, शेवटचा घालून झाला की सगळे परत बाहेर काढायचा. आयडा बराच वेळ लांबून बघत उभी राहिली.

"काय पाहिजे?" त्याने मान वर न करता विचारलं.

"माझं नाव कुणी ठेवलं ते विचारायला आले."

"ठाऊक आहे तुला. मी ठेवलं."

"का?"

तो कापडावरचा डाग अंगठ्याने घासत राहिला. "बार्करच्या विमानाची तेलाची नळी मी बदलली होती. घट्ट केली होती. केलीच असणार. मग ते आलं नाही. मला कुणी काही विचारलं नाही, पोरी. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मग कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, ती ड्रायव्हर पोरगी त्याच्याबरोबर नाचली होती. मी म्हटलं, हो, तीच ती. त्या दिवशी मला झोप लागली."

"तुम्हाला झोप लागली."

"लागली."

"आणि मला?"

त्याने एक पाना उचलला आणि पुन्हा कप्प्यात घातला.

"आता हेगार्टी," तो म्हणाला. "तो तुझ्या गाडीत बसला नव्हता. म्हणजे मग मीच."

आयडाच्या हातात होतं. 'हो, तुम्हीच' एवढं म्हणायचं आणि मग कँटीनमध्ये जाऊन तेच म्हणायचं. शब्द ओठावर होते, राग मस्तकात होता. पण त्या माणसाची बोटं पुन्हा पहिल्या पान्यापासून सुरू झाली होती, आणि क्लीथॉर्प्सच्या मावशीच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून एकाच चादरीची पुन्हापुन्हा घडी घालणारी आई तिने बघितली होती. ही बोटं तिला ओळखीची होती. त्यामुळे राग कमी झाला नाही, फक्त रागाने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"काल आपली किती विमानं आली नाहीत?"

"चार."

"चारही तुमच्या हातची?"

"एक."

"मग बाकीची तीन कुणी पाडली? मी? मी इथे चिखलात होते." तिचा आवाज चढला. "तिथे तोफा आहेत, कार्पोरल. आणि पोरांना त्याच शहरावर पुन्हा पुन्हा पाठवणारी माणसं आहेत, गरम खोलीत, भिंतीवर नकाशा लावून. त्यांचं नाव घेतं का कुणी कँटीनमध्ये? माझं घेतात. मी हाताशी आहे ना. आता तुम्ही आहात हाताशी."

"तू कँटीनमध्ये जाऊन सांगितलंस तर तुझी सुटका होईल."

"त्यासाठीच आले होते."

"मग?"

"आई गल्ली सोडून गेली, तर वर्षाच्या आत गल्लीला दुसरी बाई सापडली. तुम्ही गेलात तर यांना तिसरं कुणी सापडेल. आवरा ती हत्यारं. सगळी जागच्या जागी आहेत, मी मघापासून बघतेय."

माफी त्याने मागितली नाही. तिनेही ती मागायला लावली नाही.

शनिवारी संध्याकाळी दोन ट्रक उभे होते. ऑलिव्हचा गच्च, आयडाचा रिकामा. मिस ऑल्डस दारात उभ्या होत्या, हात खिशात. शेवटची टोळी बाहेर आली, निब्ज नावाच्या वैमानिकाची, दुसऱ्या तळावरून नुकतीच आलेली. पण नाव त्यांच्याही कानावर गेलं होतं. ते ऑलिव्हच्या ट्रककडे बघत उभे राहिले.

मागून टास्कर आला, सायकल ढकलत. सायकल उचलून त्याने आयडाच्या ट्रकमध्ये मागे टाकली. मग पुढचं दार उघडून तिच्या शेजारी बसला.

ऑलिव्हच्या ट्रकमधून कुणीतरी म्हणालं, "कार्पोरल, कापणारीच्या गाडीत? जिवावर उदार झालात काय?"

टास्करने काच खाली केली. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, पण ओरडला नाही. "बार्करचं विमान माझ्या हातचं होतं. हेगार्टीचंही. निब्ज, आज तू ज्यात बसणार आहेस, तेही माझ्याच हातचं आहे. ते चालतं तुला, आणि तिची गाडी चालत नाही?"

ऑलिव्हच्या ट्रकमधली डोकी आत गेली. आयडाने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की जुनी सूज पुन्हा उठल्यासारखी बोटं दुखत होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

निब्जच्या टोळीतला सगळ्यात बुटका, जाड कातडी कपड्यांत फुगून पिंपासारखा झालेला, म्हणाला, "माझे पाय गोठलेत. भुताची गाडी असली तरी मी चढतोय. हात दे रे कुणीतरी."

हात दिला गेला. मग एकेक करून सगळे चढले. ट्रक मागून खाली दबला. रिकामा आणि भरलेला ट्रक यातला फरक ड्रायव्हरला पाठीत कळतो. मिस ऑल्डस आत निघून गेल्या. हुकूम निघाला नाही.

मैदानाच्या टोकाला ट्रक थांबला. उतरताना बुटक्याने तिच्या दारावर थाप मारली. "सकाळी लवकर ये गं बाई. हे सगळे माझं अंडं खाऊन टाकतील."

"येते," आयडा म्हणाली.

सकाळी निब्जचं विमान परत आलं. सातही जण धड होते. आयडाने त्यांना आणलं, आणि बुटक्याला त्याचं अंडं मिळालं. त्यानंतर काही आठवडे ते जात राहिले, येत राहिले. मग मार्चमध्ये एका सकाळी ती आणि टास्कर त्या सिमेंटच्या गोलापाशी ट्रकमध्ये बसून राहिले, उजाडून माळावरचं धुकं विरेपर्यंत, आणि कुणी आलं नाही.

दोन्ही वेळा ट्रक तोच होता. ड्रायव्हर तीच होती, इंजिनांवरचा हातही तोच. दुपारी कँटीनमध्ये कुणीतरी काही म्हणायला तोंड उघडलं. टेबलाशी आयडा आणि टास्कर समोरासमोर बसून चहा पीत होते. त्या माणसाने दोघांकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

संध्याकाळी नवे सात जण आले, आणि तिच्या ट्रकमध्ये चढले.