कमिट न केलेली दुपार

यवतमाळकडून बारामतीला आलो, तेव्हा माझ्याकडे नववीचं प्रगतिपुस्तक होतं आणि टायपिंगला बऱ्यापैकी वेग होता. एका साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात ऊसनोंदी कॉम्प्युटरवर चढवायचं काम मिळालं. तेही तिथल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने शब्द टाकला म्हणून. त्यांना सगळे तात्या म्हणत. माझी कागदपत्रं बघून साहेबांनी नकारार्थी मान हलवली, तर तात्या म्हणाले, "पोरगं चुकलं तर मला इचारा." तेव्हापासून चूक करायची मला भीतीच बसली.

डेटाबेस तात्यांनीच शिकवला. आमच्याकडे उसाच्या नव्या लागणीची नोंद आधी रजिस्टरात पेन्सिलीने होते. क्षेत्र मोजून आलं की पेनाने गिरवतात. तात्या म्हणाले, "बिगिन म्हंजी पेन्सिल हातात घेतली. सगळं जुळलं तर कमिट, पेन फिरवला. न्हाय जुळलं तर रोलबॅक, खोडरबर." मी मान डोलावली. पण रोलबॅक कधी मारून पाहिला नव्हता.

पावसाळ्यातल्या, म्हणजे आडसाली लागणीच्या नोंदी जोरात चालू होत्या. एक गाव आमच्या गटातून काढून इंदापूर गटात टाकायचं होतं. तात्या मोजणीला पणदऱ्याला गेलेले. मी बिगिन केलं. मध्येच कुणी काही बदलू नये म्हणून डेटाबेसमधल्या नोंदींच्या अख्ख्या टेबलला कुलूप लावलं, म्हणजे माझं होईपर्यंत दुसऱ्या कुणालाच नोंद सेव्ह करता येणार नाही. जुन्या गटातून दोनशे बारा नोंदी काढल्या. नव्या गटात चढल्या दोनशे अकरा.

एक शेतकरी गेला कुठे?

कमिट करावं तर तो कायमचा गेला. रोलबॅक करावं, तर पुसलेलं खरंच परत येतं का, हे कुणाला ठाऊक? मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. तेवढ्यात इंदापूरच्या गट ऑफिसातल्या ताईंचा फोन आला.

"ओ, आमची नोंद सेव्ह हुईना. तुमच्याकडं काय हाय का?"

"नाही ताई," मी म्हणालो.

तीन वेळा फोन आला, तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. डबा उघडला नाही. शेजारच्या टेबलांवर हसणं-खिदळणं चालू होतं. मला कुणी काही विचारलं नाही. मनात मी तात्यांना काय सांगायचं, गावाकडची बस कुठून पकडायची, इथपर्यंत पोचलो होतो.

तीनच्या सुमारास तात्या आले. इंदापूरहून त्यांनाही फोन गेलेला. त्यांनी चालू कामांची यादी उघडली. सगळ्यात वर माझंच नाव, दोन तास उघडं.

"काय करून ऱ्हायला बे?" माझ्या बोलीची नक्कल करत ते म्हणाले. नेहमी मी हसायचो. त्या दिवशी रडायलाच आलं. सगळं सांगून टाकलं.

"मग रोलबॅक मार की."

"परत येतील?"

"कमिट केलं न्हाईस न्हवं? मार."

मारला. दोनशे बाराच्या दोनशे बारा जुन्या गटात जशाच्या तशा उभ्या. एका म्हाताऱ्या आबांच्या नोंदीत गावाचा कोड रिकामा होता, तेवढीच नव्या गटात चढत नव्हती. कोड भरला, परत बिगिन, या वेळी दोन्हीकडे दोनशे बारा. कमिट.

"आता इंदापूरला फोन लाव. तूच सांग," तात्या म्हणाले.

लावला. ताई म्हणाल्या, "व्हय का! आन् मी हितं वायरी हलवून हलवून दमले. हितली माणसं मलाच बोलाय लागली हुती." मग म्हणाल्या, "पुढच्या येळंला पयल्याच फोनला सांगा."

साहेबांनी विचारलं तेव्हा तात्या म्हणाले, "माझं चुकलं. बिगिन करून बसून ऱ्हायचं नसतं, हे शिकवायचं ऱ्हायलं." साहेबांनी "बरं" म्हटलं आणि सहीचे कागद ओढले. नोकरी राहिली.

संध्याकाळी खोलीवर आलो. हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटत होतं. तात्या त्यांच्या घरी, बाकीचे आपापल्या गावी. आईला फोन लावला. बिगिन, कमिट तिला काय सांगणार?

"काम आहे ना रे?" तिनं विचारलं.

"आहे."

मग बोलायला काही उरलं नाही. तरी कितीतरी वेळ आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही.