आकाशातली बोडी

चौक पुढाऱ्याच्या बापाच्या नावाचा, बसथांबा त्यांच्या बापाच्या नावाचा. आता आकाशही?

माझी मावसबहीण चामोर्शीकडच्या आमच्या गावातली. दुर्बिणीचे फोटो तपासता तपासता तिला मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला एक लहानसा दगड सापडला. शोधणाऱ्याला नाव सुचवायचा हक्क असतो. तिने तो गावाला दिला, पण फोनवर बजावलंही, "भांडलात तर मी नावच नाई पाठवत."

स्थानिक पुढाऱ्याने लगेच दिवंगत वडिलांच्या फोटोचा फ्लेक्स छापला. मी रात्रभर खपून पत्रक काढलं: दगडाला आमच्या जंगल आंदोलनाचंच नाव हवं.

आमच्या ग्रामसभेत हात मोजत नाहीत. एकाने जरी 'नाई' म्हटलं, तरी विषय तिथेच थांबतो. त्या दिवशी दोन्ही नावांना 'नाई' आलं, आवाज चढले. बहिणीचा हक्क डोळ्यांदेखत वाया चालला होता. शेवटी मीच तिला फोन लावला, स्पीकरवर.

"नावं मंजूर करणाऱ्या समितीचा नियम हाये, राजकारणातल्या माणसाचं नाव मेल्यावर शंभर वर्षं चालत नाई," ती म्हणाली.

मी टाळीच वाजवली. "आणि आंदोलनाचं?"

"ते काय भजन होय? तोच नियम."

"घ्या जी, भाऊचंही पडलं!" कुणीतरी ओरडलं. सगळी सभा हसली. पुढाऱ्याची माणसंही. मला राग आला, पण छातीवरचं काहीतरी उतरलंही.

मग मासे धरणारी एक म्हातारी बाई म्हणाली, "बोडी ठेवा."

बोडी म्हणजे धानासाठी पाणी अडवायची लहान तळी. पाळ फुटली की अख्खं गाव माती टाकायला धावतं.

"आकाशात बोडी? काऊन, मोठा तलाव नाई का?" एकाने टोमणा मारला.

"दगड तरी केवढा हाये?"

"आपल्या शिवाराएवढा असंल," फोनमधून उत्तर आलं.

"मंग बोडीच."

मी 'नाई'ची वाट पाहत होतो. कुणीच म्हटलं नाही.

पुढाऱ्याने वर वजन टाकलं तर, ही धास्ती मात्र महिनोन्महिने राहिली. मग बहिणीचा फोन आला, "झालं मंजूर." मी बांधावरच बसलो. कुणाचा बाप नाही, कुणाचा झेंडा नाही. सुटलो!

फ्लेक्स आता आमच्या तणसीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर आहे, फोटो खाली करून. पाणी मात्र छान अडवतो.