लॉकमधली गाठ

आमच्या घरात सहल आखायचा अधिकार लग्नापासून सुधीरकडे होता, आणि या उन्हाळ्यात मी तो काढून घेतला. अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉयहून थेट इंग्लंड, नदीकाठचं एक छोटं गाव: किल्ला, जुनं चर्च आणि होड्यांचं म्युझियम, सगळं एका दिवसात.

"एक जरी ठिकाण राहिलं," सुधीर म्हणाला, "तर पुढची ट्रिप परत माझी." (त्याच्या ट्रिपा म्हणजे मोटारींचे कारखाने. माणूस नोकरीही तिथेच करतो.)

किल्ला, चर्च झालं. उरलं म्युझियम, पाचला बंद होणारं. ते नदीच्या खालच्या अंगाला, म्हणून मी स्वतः चालवायची बोट भाड्याने घेतली. वाटेत लॉक लागलं. म्हणजे दोन दरवाजांमधला हौद. त्यातलं पाणी सोडलं, की बोट आपोआप खाली उतरते.

"दोरी खुंटाभोवती एकदा फिरवा आणि टोक हातात धरा, बांधू नका," लॉकवरच्या माणसाने बजावलं.

नुसती हातात? सुटली म्हणजे? मी करकचून गाठ मारली. वर आणखी दोन.

पाणी उतरलं. बोट उतरेना. ती एका बाजूने भिंतीला लटकली.

"आई, वी आर टिल्टिंग," फोनवरून नजर न काढता ईशा म्हणाली.

"मीना, चिवडा चालला गं," सासूबाईंनी डबा पोटाशी धरला.

"गाठ कोणी मारली?" सुधीरने विचारलं.

"आधी सोडव. चौकशी मग कर."

त्याने बोटं, किल्ली, शेवटी दात लावून पाहिले. गाठ हलेना. (माझं काम पक्कं असतं.) पुलावर गर्दी जमली. एका आजोबांनी फोटोसाठी नातीला पुढे केलं. लॉकवाल्याने धावत जाऊन पाणी परत भरलं, बोट सरळ झाली, आणि मी काकडीच्या सुरीने दोरी कापून गाठ पिशवीत टाकली.

"पाच वाजून गेले," सुधीर प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला.

तरी मी बोट तिकडेच न्यायला लावली. म्युझियमच्या दारात एक गृहस्थ उभे होते.

"लॉकमध्ये लटकलेले तुम्हीच ना? मला लॉकवरून फोन आला होता. गाठ आणलीत?"

त्यांनी दार उघडलं, दिवे लावले आणि सगळं म्युझियम आम्हा चौघांना दाखवलं. पुढची ट्रिप माझी.

निघताना गृहस्थांनी माझी गाठ काचेच्या कपाटात ठेवली आणि शाळेच्या मुलांसाठी खाली स्वहस्ते चिठ्ठी लावली: 'अशी मारू नये.'