शेंड्याची कडी

गळाचा दोरा तुटला की बाबू आधी काहीच बोलत नसत. रिळाची मूठ सावकाश फिरवत ते उरलेला दोरा गोळा करायचे, त्याचं तुटकं टोक ओठांत धरून जिभेने चाचपायचे, मग दोन बोटांत घेऊन उन्हाकडे धरायचे. एवढी तपासणी झाल्यावरही निकाल ठरलेला असायचा.

"दोरा बोगस निंगला, मास्तर."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही कुठे नायलॉनचा दोरा दिसला तरी माझं डोकं फिरतं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. घरात काहीही बिघडलं तरी दोष बाहेरून आणलेल्या वस्तूचा. अशा माणसाशी भांडताही येत नाही आणि गप्पही बसवत नाही.

बाबू आमच्या शाळेतले क्लार्क. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो आणि अमडापुरात आमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच होती. त्यांना माशांचा भारी नाद. दर रविवारी सकाळी सायकलला बांबूची काठी बांधून ते गावाबाहेरच्या तळ्यावर जायचे आणि मागच्या सायकलवर जाळी घेऊन मी. मासा काठाशी आला की पाण्यात उतरून तो जाळीत घ्यायचा, एवढंच माझं काम. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मासळीचा वास सहन व्हायचा नाही, त्यामुळे मासा मिळालाच तर तो आमच्या परसातल्या चुलीवर शिजायचा आणि बाबू आमच्या ओट्यावर बसून जेवायचे.

बाबूंचा दुसरा नाद वस्तू उघडण्याचा. तसा हा नाद आमच्या सगळ्या भागालाच आहे. मळणीयंत्र नवं आलं की पहिल्या दिवशी त्याची जाळी निघते आणि सायकल नवी आली की चेनीवरचं झाकण. का, तर मध्ये येतं. बाबूंनी शाळेच्या ऑफिसातल्या टेबलफॅनची जाळीसुद्धा काढून कपाटावर ठेवली होती. हेडमास्तरांनी विचारलं तर म्हणाले, हवा अडत होती. "जे अडते ते काढून फेका," हा त्यांचा कारभार.

या कारभारापायी एकदा घरात मोठं रामायण झालं होतं. त्यांचा मुलगा सातवीत असताना त्याला विज्ञान प्रदर्शनात दुर्बीण बक्षीस मिळाली. काच धूसर वाटते म्हणून बाबूंनी ती खोलली, पुसली आणि परत बसवली. त्यानंतर तिच्यातून काहीच दिसेना. पोरगं महिनाभर बापाशी बोललं नाही. पुढे ते शिकलं, पुण्याला नोकरीला लागलं, दर रविवारी संध्याकाळी न चुकता फोन करू लागलं. पण दुर्बिणीचा विषय त्या घरात पुन्हा कोणी काढला नाही.

बाबू रिटायर झाले तेव्हा या मुलाने पुण्याहून काठी पाठवली. काळी, चकचकीत, दोन तुकड्यांत जोडायची. खाली रीळ आणि वर शेंड्यापर्यंत एकापुढे एक सहा कड्या. दोरा रिळातून निघून या सहाही कड्यांतून जातो आणि मग पाण्यात पडतो. प्रत्येक कडीच्या आत पांढऱ्या गुळगुळीत चिनी मातीची आणखी एक बारीक कडी बसवलेली होती. गल्लीतली माणसं काठी बघायला आली. मुलाने फोनवर बजावलं, "बाबा, एवढी एक वस्तू तरी खोलू-बिलू नका." बाबू म्हणाले, नाही रे, मी काय पागल हाय काय.

आठ दिवसांत त्यांनी ती खोलली. बाबू दोऱ्याचे दोन तुकडे गाठ मारून वापरत आणि ती गाठ आतल्या पांढऱ्या कडीत अडत असे. मग काय, "कंपनीवाल्याले काय समजते, मास्तर? त्यायनं कधी तळ्यावर गळ टाकला हाय काय?" असं म्हणत त्यांनी खिळा आणि दगड घेतला आणि सहाही पांढऱ्या कड्या ठोकून बाहेर काढल्या. नुसत्या लोखंडी चौकटी तेवढ्या राहिल्या. पांढऱ्या कड्या त्यांनी सुपारीच्या रिकाम्या डबीत ठेवल्या. त्या वेळी काठी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून कोण बसलं होतं, ते विचारू नका. मीच बसलो होतो, आणि गणिताचा मास्तर असून एका शब्दाने विचारलं नाही की ती कडी तिथे कशासाठी आहे.

पहिलं वर्ष बरं गेलं. लहानसहान मासे निघाले. पुढे दोरा तुटायला लागला. गंमत अशी की किलो-अर्ध्या किलोचा मासा असला तर तुटायचा नाही. मोठा कटला लागला, काठी वाकली, रीळ ओरडायला लागलं, मी कमरेएवढ्या पाण्यात जाळी धरून उभा राहिलो, की फट्. मग ती जिभेने तपासणी आणि तोच निकाल. दोरा उन्हाने खराब झाला, दुकानात जुना पडला होता, मास्तरांनी जाळी आणायला उशीर केला, पाण्यात खडक आहे. बाबूंकडे कारणांचा तोटा नव्हता. संध्याकाळी मुलाचा फोन यायचा, मासा लागला का. लागला होता, दोरा बोगस निंगला. चार दिवसांनी पुण्याहून आणखी भारी दोरा कुरिअरने हजर. तोही तुटायचा. मी हात टेकले होते. तरी रविवार आला की जाळी घेऊन निघायचो.

एका दसऱ्याच्या सुमारास आम्ही तळ्याच्या काठी बसलो होतो. मागेच कपाशीचं शेत, बोंडं नुकती फुटलेली. माझ्या बाहीला चिकटलेला कापूस काढला आणि काही सुचत नव्हतं म्हणून शेंड्याच्या कडीतून सहज ओढला. अर्धा कापूस माझ्या हातात आला आणि अर्धा कडीतच राहिला. नख फिरवून पाहिलं. कडीच्या खालच्या कडेला बारीक खाच पडली होती, ब्लेडने कापल्यासारखी. इतकी वर्षं तळ्यातला गाळ घेऊन तो दोरा लोखंडावरून घासत होता. दोऱ्याने कडी कापली होती आणि आता कडी दोरा कापत होती. बाकीच्या पाच कड्यांतही कापूस अडकला, कुठे कमी, कुठे जास्त.

मी बाबूंचं बोट धरून त्या खाचेवरून फिरवलं. त्यांनी ते स्वतःच पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.

"पोराले सांगू नका," ते म्हणाले.

"काऊन?"

"म्या त्याले म्हणलं होतं, नाही खोलत. दुर्बीण इसरला नाही तो अजून."

मी म्हटलं, नका सांगू, पण अकोल्याहून सहा नव्या कड्या आणून बसवून टाकू. तर तेही नको. नव्या कड्या वेगळ्या दिसतील, पोरगं दिवाळीला येणार आहे, बघताक्षणी ओळखेल. मग जुन्या पांढऱ्या कड्या परत बसवायचा खटाटोप झाला. खिळ्याच्या घावांनी चौकटी वाकल्या होत्या, डिंक लावला तरी कड्या टिकेनात. शेंड्याची तर पहिल्याच फेकीत निघून तळ्यात गेली. उरलेल्या पाच बाबूंनी काढून पुन्हा डबीत ठेवल्या. साठ ओलांडलेला माणूस, शाळेत तीन हेडमास्तरांना पुरून उरलेला, आणि पोटच्या पोराला एक वाक्य सांगायला घाबरत होता. मला त्यांची कीव यायला हवी होती. पण खरं सांगतो, राग यायचा.

दिवाळीत मुलगा आला. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं तळ्यावर गेलो. बाबूंनी काठी त्याच्या हाती लागू दिली नाही. तू बस, म्हणाले, मी दाखवतो. आणि नेमका त्या दिवशी मोठा कटला लागला. बाबूंनी तो काय जपून खेळवला! जरा ताण वाटला की दोरा सोडायचे, मग हळूहळू ओढायचे. मला ठाऊक होतं ते कशासाठी जपत होते. मी पाण्यात उभा. माशाचं मोठं थोरलं डोकं वर आलं, जाळीपासून हातभर लांब, आणि दोरा तुटला.

बाबूंनी उरलेला दोरा गोळा केला. टोक ओठांत धरलं. उन्हाकडे धरलं. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून ते वाक्य निघेना. ते नुसते टोकाकडे बघत राहिले.

मुलगा उठला. त्याने काठी हातात घेतली, शेंडा जवळ ओढला आणि कडीवरून अंगठा फिरवला. अंगठा एका जागी थांबला. मी पाण्यातून बघत होतो. मनात म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. भांडा, ओरडा, पण बोला.

"दोराच बोगस निघाला, बाबा," मुलगा म्हणाला. "मी दुसरा पाठवतो."

"हाव," बाबू म्हणाले.

मी जाळी काठावर आपटली. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी पुण्याहून पाकीट आलं. त्यात दोरा होता आणि सोबत छोट्या पुडीत सहा नव्या कड्या, आत पांढऱ्या कडीसकट. चिठ्ठी नाही. बाबूंनी ती पुडी कितीतरी वेळ तळहातावर धरून ठेवली. त्याले माहीत हाय, म्हणाले. मी म्हटलं, मग आता काय राहिलं, आणा काठी, तासाभराचं काम आहे. तर म्हणाले, "असं नाही, मास्तर. तो आला की त्याच्याच हातानं लावून घेतो. तवा सांगतो त्याले."

यावर काय बोलणार? पुढची दोन वर्षं मी बोललोच. पुडी कपाटात, डबी तिच्या शेजारी, काठी दारामागे आणि दर रविवारी दोरा फट्. मुलाला कधी रजा मिळायची नाही, कधी मिळाली तरी दोन दिवसांची, त्यात सासरवाडी. तो फोनवर विचारायचा, दोरा पुरतो ना? बाबू म्हणायचे, पुरतो. मी समोर बसून खुणा करायचो की सांगा, ये म्हणा. ते फोन ठेवून द्यायचे. एकदा मी चिडून म्हटलं की आता मीच त्याला फोन करतो. बाबूंनी माझा हात धरला. हे माझं हाय मास्तर, एवढं मले करू द्या, असं काहीतरी म्हणाले. त्यानंतर मी तोंड बंद ठेवलं. ते चूक केलं.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर बाबूंच्या छातीत दुखायला लागलं. बुलडाण्याला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याच्या आदल्या रविवारीही आम्ही तळ्यावर होतो आणि दोरा बोगस निघाला होता.

मुलगा आला तो तेरवीपर्यंत राहिला. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. मी सहज डोकावलो तर तो खाली सतरंजीवर बसला होता. मांडीवर काठी, समोर ती पुडी आणि सुपारीची डबी. वहिनींनी कपाटातून काढून दिलं होतं. त्याने डबी उघडून पांढऱ्या कड्या सतरंजीवर मांडल्या.

"पाचच आहेत," तो म्हणाला. "सहावी?"

"तळ्यात," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. खिळा, दगड, काठी धरून मी बसलो होतो ते, कापूस, आणि त्याच्याच हातानं लावायच्या म्हणून पुडी का ठेवून दिली ते. त्याने मान वर केली नाही.

"मला वाटलं, आपण होऊन लावतील. म्हणून काही लिहिलं नाही," तो म्हणाला. "विचारलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं."

मला त्याच्यावरही ओरडायचं होतं. इतकी वर्षं मनात साठवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण त्याने काठीचं बूड माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "काका, जरा धरता का?"

मी धरली. दोन्ही हातांनी, मागच्या वेळेसारखीच. आतला डिंक सुटावा म्हणून त्याने काडी पेटवून शेंड्याची कडी तापवली, ओढून काढली आणि नवी बसवली. बाकीच्या कड्या काठीला बांधणारं गुंडाळलेलं सूत कापून एकेक सोडवली, नव्या ठेवून पुन्हा सूत गुंडाळलं. त्याचा हात बापासारखा नव्हता, घाई नव्हती त्याला. मोजून तासभर लागला.

बाबूंच्या फोटोपुढे समई जळत होती आणि शेजारी वातींसाठी कापूस ठेवलेला होता. त्यातला बोटभर त्याने घेतला आणि शेंड्याच्या कडीत घालून ओढला. कापूस अख्खा बाहेर आला. कुठेच अडकला नाही. त्याने तो पुन्हा आत घातला, पुन्हा ओढला. मी म्हटलं, झालं आता, चांगली बसली आहे. तो हो म्हणाला, आणि तरी कितीतरी वेळ तो कापूस त्या कडीतून ओढत बसला.