अक्काची अर्धी गाणी

"पोदुम. पुन्हा पहिल्यापासून."

पोदुम म्हणजे पुरे. हे वाक्य अक्काने फक्त गाण्याच्या शिष्यांसाठी राखून ठेवलं होतं असं समजू नका. फुलवाली हाताने गजरा मोजता मोजता गप्पा मारायला लागली की अक्का म्हणायची, "पोदुम. पुन्हा पहिल्यापासून." आमच्या घरच्या सत्यनारायणाला भटजींनी पोथीची दोन पानं एकदम उलटली, तेव्हाही तिने डोळे न उघडता तेच सांगितलं. भटजींनी निमूट पुन्हा सुरुवात केली आणि आम्हाला जेवायला तीन वाजले.

तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी वस्तीत, आमची घरं समोरासमोर. तिचं नाव मी लिहीत नाही. सगळी गल्ली अक्का म्हणते, तेवढं पुष्कळ झालं. मी शाळेत गणित शिकवते. वडिलांनी हट्टाने देवनागरी गिरवून घेतली म्हणून हे लिहिता येतंय. अक्काला फक्त तमिळ लिपी येते, हे वाचता येणार नाही, तेव्हा जरा मोकळेपणाने लिहिते.

अक्का आणि तिची धाकटी बहीण जोडीने गायच्या. कावेरीच्या दोन्ही काठांवरच्या कितीतरी देवळांत त्यांच्या कच्चेऱ्या, म्हणजे गाण्याच्या मैफली, झाल्या. त्यांच्याकडे एकट्याने गायची रीतच नव्हती. आधी आजोबा आणि त्यांचा भाऊ, मग वडील आणि काका, मग या दोघी. इतरांची घराणी माणसांनी मोजतात, यांचं जोड्यांनी, चपलांसारखं. अर्थात हे मी तिच्यासमोर कधी बोलले नाही.

या गाण्याची एक खास तऱ्हा होती. प्रत्येक गाण्यात श्वासाच्या जागा वाटून दिलेल्या. थोरली जिथे श्वास घेईल तिथे धाकटीने सूर धरून ठेवायचा, आणि धाकटीच्या श्वासाला थोरलीने. ऐकणाऱ्याला वाटावं, गाणं कुठे थांबतच नाही. त्यावर आजोबांनी एक नियम घालून दिला होता, दुसरीच्या जागेत, म्हणजे आपण श्वास घ्यायचा तिथे, गायचं नाही. काही झालं तरी नाही.

आणि एकदा झालंच. ओरत्तनाडूजवळच्या एका देवळात भर कच्चेरीत धाकटीचा आवाज बसला. अक्काने क्षणाचाही विचार न करता तिची जागा स्वतः भरून काढली. लोकांना पत्ता लागला नाही, टाळ्या पडल्या. मी समोरच बसले होते, मलाही काही कळलं नाही. खाली उतरल्यावर धाकटी एवढंच म्हणाली, "अक्का, तूं माझ्या जागेंत गायलीस."

त्यानंतर ती गायली नाही. कुंभकोणमला मुलाकडे निघून गेली. लग्नामुंजीत भेटल्या की दोघी एकमेकींच्या साड्यांची चौकशी करायच्या, त्यापलीकडे एक शब्द नाही. अशी बारा वर्षं गेली. मी कधी विषय काढलाच तर अक्का म्हणायची, "गाणें पडत होतें, तें मीं धरलें. चोरी केली काय?" आणि मला कॉफी विचारायची.

कच्चेऱ्या तिनेही सोडल्या. शिकवणं तेवढं ठेवलं. माझी वैदेही सात वर्षांची असल्यापासून तिच्याकडे जायची. आठ वर्षं शिकली. गळा चांगला, मेहनत चांगली, आईला अभिमान किती ते विचारू नका. मग तिला त्रिचीला एका स्पर्धेत उतरवलं. गाणं झाल्यावर परीक्षक मायेने म्हणाले, "बाळ, तुला दम्याचा त्रास आहे का?"

पोरगी शब्दाच्या मध्येच श्वास घेत होती. एका ओळीत दोनदा. बसमध्ये घरापर्यंत रडली.

दुसऱ्या दिवशी मी पेन्सिल घेऊन बसले आणि तिच्याकडून एकेक गाणं म्हणवून घेतलं. जिथे थांबेल तिथे खूण. पाच गाणी झाल्यावर माझ्या गणिती डोक्यात प्रकाश पडला. अक्काने तिला नुसती थोरलीची बाजू शिकवली होती, धाकटीसाठी सोडलेल्या जागांसकट.

मी तणतणत समोर गेले. "अक्का, आठ वर्षं पोर अर्धीच गाणीं शिकली," म्हटलं. खुणा केलेला कागद तिच्यापुढे धरला आणि एका खुणेवर बोट ठेवून ती ओळ, मला जमली तशी, म्हणून दाखवली.

अक्काने कागद ओढून घेतला आणि त्या खुणेवर स्वतःचं बोट ठेवलं. मग म्हणाली, "ह्या जागेंत ती गाते. मज ऐकूं येतें. तुज येत नाहीं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. बारा वर्षं या बाईच्या कानात बहीण गात होती. जागा रिकामी आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

"उरलेलीं अर्धीं तिजपाशीं आहेत," ती कागदाकडे बघत म्हणाली. "तीही म्हातारी झाली. रविवारीं मजबरोबर चलशील?"

रविवारी वैदेहीला घेऊन आम्ही तिघी कुंभकोणमच्या बसमध्ये बसलो. एरवी कंडक्टरशीसुद्धा हुज्जत घालणाऱ्या अक्काने सुट्टे पैसेही मोजून घेतले नाहीत. मला वाटलं, आधी कॉफी होईल, हवापाण्याच्या गोष्टी होतील, मग हळूच विषय निघेल. कसलं काय. धाकटीने दार उघडलं आणि अक्का उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "त्या दिवशीं मज थांबायला पाहिजे होतें. चुकलें माझें."

धाकटीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चप्पल काढ आधीं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "उन्हांत उभी राहून कोण माफी मागतें?"

आत गेल्यावर तिनेच पुन्हा विषय काढला. "थांबली असतीस तर गाणें पडलें असतें, अक्का."

"पडूं द्यायचें होतें. तुझी जागा होती."

धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि कॉफी घेऊन यायला तिला फार वेळ लागला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. डोळे पुसायला पदर आहे म्हणून बरं.

धाकटीचा आवाज आता कुजबुजण्यापुरताच उरला होता. पण गाणी सगळी शाबूत होती. तिची नात मीना घरातच होती. वैदेहीच्याच वयाची, गळ्याने गोड, पण सगळा जीव बॅडमिंटनमध्ये. धाकटीची बाजू शिकवायला तिला पुढ्यात बसवलं. तिने वेळेचा सौदा केला, सकाळी बॅडमिंटन, दुपारी गाणं. मग दर रविवारी कुणी ना कुणी बसने इकडून तिकडे जायचं. आज्या कुजबुजून आणि हातवारे करून शिकवायच्या, मुली फोनवर तमिळमधून भांडायच्या. तीन वर्षं हे चाललं.

मागच्या मार्गळी महिन्यात, मार्गशीर्षाच्या सुमारास, आमच्या गल्लीजवळच्या देवळात दोघी मुलींची पहिली कच्चेरी झाली. संध्याकाळची वेळ, मंडप बऱ्यापैकी भरलेला. पहिल्या रांगेत धाकटी, अक्का आणि मी. सुरुवातीची तीन गाणी अशी गेली की आवाज दोन आहेत आणि श्वास एकच. नाही, श्वास नाहीच. माझ्या शेजारी अक्का मांडीवर ताल धरून बसली होती आणि मी मनातल्या मनात त्रिचीच्या परीक्षकांना नावं ठेवत होते.

चौथं गाणं मोठं होतं. ऐन मध्यावर वैदेहीला ठसका लागला. आता श्वास घ्यायची पाळी मीनाची होती, म्हणजे सूर धरायची जागा वैदेहीची.

अक्काने माझं मनगट पकडलं. मीनाला ती ओळ तोंडपाठ होती, तीन वर्षं शेजारी बसून ऐकलेली. भरून काढणं तिच्या हातात होतं. मी तिची आईच असल्यासारखी मनातून विनवत होते, भर गं बाई, कुणाला कळणार आहे. मीनाने तोंड मिटून घेतलं. हाताने ताल मात्र सोडला नाही. मृदंग हलकेच चालू राहिला. एक अख्खं आवर्तन रिकामं गेलं. मागे कुणीतरी खाकरलं, लोक एकमेकांकडे बघायला लागले. वैदेही घोटभर पाणी प्यायली, तिने मीनाकडे बघितलं आणि आपल्या जागेवरून सूर उचलला.

धाकटी अक्काच्या कानाशी वाकली. "सगळ्यांना कळलें, अक्का."

"कळूं दे," अक्का म्हणाली. "गाणें तिथेंच आहे."

तिने माझं मनगट सोडलं. माझे डोळे भरून आले होते. चौघींपैकी कोणासाठी, ते मला अजून सांगता येत नाही.