गाडीतली वायर आणि परकराची नाडी

नातीच्या गाडीत कॅमेऱ्याची वायर टाकताना तापल्या रबराचा वास आला आणि माहेरी पूर आला होता ती सकाळ आठवली. तिथले फोन बंद, आईचा पत्ता नाही, म्हणून आमचे हे आपला हौशी वायरलेस सेट गाडीत बसवून तिकडे निघाले होते. बॅटरीपासूनची जाड वायर इंजिनामागच्या पत्र्यातल्या भोकातून काही आत सरकेना. मी परकराची नाडी आणली, पिनेने भोकातून ओवली, तिला वायर बांधली आणि आत ओढून घेतली. वर तोरा असा, "अहो, एवढं शिकलात, साधी नाडी ओवता येत नाही?" हे म्हणाले, "पुढच्या जन्मी मेकॅनिक हो." दुसऱ्या दिवशी बिबवेवाडीतल्या ह्यांच्या मित्राकडच्या सेटवर, खरखरीतून ह्यांचा आवाज आला, "आई शेजारीच आहेत, बोल." तर मी शहाणी बोलायचं बटण गच्च दाबून रडत राहिले, "आई, बोल ना गं." बटण दाबलेलं असलं की पलीकडचं ऐकू येत नाही, हे त्या मित्राने माझा अंगठा उचलूनच सांगितलं. मग आई म्हणाली, "किती बोलतेस, आहे मी." पुढे प्रत्येक भांडणात हे एवढंच म्हणायचे, "बटण सोड." हे गेल्यापासून मी बटण सोडूनच बसलेली असते; पलीकडून काही येत नाही.