पावट्याचा शुक्रवार

प्रार्थना आणि पोट या दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगणारा माणूस सातारा-सांगलीच्या मुलखात आमच्या मामांखेरीज दुसरा कोणी झाला नसेल. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेले आणि पुढे माधवनगरला एका गिरणीत रखवालीला लागलेले. अंगात उन्हाळ्यातही पलटणीचा कोट, गळ्यात जपमाळ, आणि भेटेल त्याला पहिला प्रश्न, "कोठा साफ हाय न्हवं?" एकदा मिस्साची उपासना झाल्यावर त्यांनी फादरांनाही हेच विचारले. फादर परदेशातून आलेले, मराठी पुस्तकातून शिकलेले. ते गंभीरपणे म्हणाले, "होय, परमेश्वराच्या कृपेने." मामांना हे उत्तर इतके आवडले की पुढे ते सगळ्यांकडून तेच वदवून घेत.

फादर महिन्यातून एकदा येत, त्यामुळे कोणाच्याही घरी चार माणसे जेवायला जमली की जेवणाआधीची प्रार्थना मामाच सांगत. ते उभे राहत, घसा खाकरत, डोळे मिटत. पण पोटातल्या वाऱ्याची किंवा परसाकडच्या फजितीची गोष्टही ते अशीच उभे राहून, खाकरून, डोळे मिटून सुरू करत. त्यामुळे मामा उठले की आम्ही सगळे हात जोडायचो, आणि आता आमेन म्हणायचे की तोंडाला पदर लावायचा, हे पहिले वाक्य संपेपर्यंत कळत नसे. मुले तर गोष्ट संपल्यावरही क्रूसाची खूण करत. मला चारचौघांत हसायची लाज, म्हणून मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जायची आणि माठापाशी हसून घ्यायची.

सासूबाई मात्र हसत नसत. त्याला कारण होते. या भागात आमच्या ख्रिस्ती लोकांची घरे थोडी, स्थळे त्याहून थोडी. माझ्या धाकट्या नणंदेचे एक चांगले स्थळ मामांच्या एका गोष्टीवरून भरल्या पंगतीतून उठून गेले होते. ती गोष्ट मी इथे लिहीत नाही. तेव्हापासून नणंद कोणाच्या लग्नालाही जाईनाशी झाली. मग साताऱ्याचे स्थळ आले. मुलगा चांगला, पण वडील धर्मशिक्षक आणि फार कडक. पाहुणे यायच्या आधी सासूबाईंनी भावाला हाताला धरून फादरांपुढे नेले. सोबतीला मी होते.

"फादर, ह्याला सांगा. घरच्या कार्यात असलं घाण बोलणं पाप हाय का न्हाई?"

फादरांनी मामांकडे बघितले. "त्या गोष्टीत फजिती कोणाची होते?"

"माझीच की," मामा म्हणाले. "दुसऱ्याची कशाला करू? माझीच लय शिल्लक हाय."

फादर दाढी कुरवाळत राहिले. "दुसऱ्याला लाजवील ती गोष्ट पाप, हे निश्चित. तुमच्या गोष्टीविषयी मला विचार करावा लागेल. तोपर्यंत आयाबहिणींसमोर जिभेला आवर घाला."

सासूबाईंचे एवढ्याने समाधान झाले नाही. घरी येऊन त्यांनी क्रूसापुढे मामांकडून शपथ घेतली की पाहुणे असेपर्यंत तोंडातून घाण शब्द काढायचा नाही.

पाहुणे आले ते नेमके शुक्रवारी. शुक्रवारी आम्हाला मटण चालत नाही, आणि दिवस थंडीचे, म्हणून सासूबाईंनी पावट्याची उसळ केली. पावटा पोटात काय करतो हे सगळ्या मुलखाला ठाऊक आहे, पण मामांच्या तोंडाच्या काळजीत ते कोणाच्या ध्यानात आले नाही. मामा प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा आमेन येईपर्यंत आम्ही कान टवकारून होतो. आमेन आले. जेवणेही मुकाट्याने झाली.

मग मुलीला बाहेर बोलावले. मुलाचे वडील ताठ बसले होते, टोपी मांडीवर. मामा भिंतीशी ओठ मिटून, भर थंडीत घामाघूम. नणंद चहाचे तबक घेऊन आली, मुलाच्या वडिलांपुढे वाकली, आणि आवाज झाला. लहान नव्हता.

तबकातले कप वाजायला लागले. मी तिच्या मागेच उभी होते. तिची मान लाल होत गेलेली मला दिसली. कोणी कोणाकडे बघेना. सासूबाईंची बोटे जपमाळेवर थांबली. हे स्थळही गेले, आणि आता हिच्यासाठी तिसरे येणार नाही, असे मला वाटले.

तेवढ्यात मामा उठले. घसा खाकरला. डोळे मिटले. सवयीने आम्ही हात जोडले, आणि आमचे बघून पाहुण्यांनीही जोडले.

"माफी असावी पाव्हणं," मामा प्रार्थनेच्या आवाजात म्हणाले. "त्यो आवाज माझा. सरकारनं बंदूक काढून घेतली, तोफ तेवढी माझ्याकडंच ऱ्हायली."

मग कोपऱ्यातून मुलाची आजी बोलली. तिला एकही दात नव्हता. "कंची पलटण म्हणायची?"

"पावट्याची, आजी. शुक्रवार पाळला, त्येचा परसाद."

आजी हसली. मग मुलगा हसला. वडिलांनी टोपी तोंडापुढे धरली, पण टोपी हलत होती. नणंदेने सगळ्यांना चहा दिला आणि थेंबही सांडला नाही. त्याच बैठकीत लग्न ठरले.

पाहुणे गाडीत बसेपर्यंत सासूबाई दारात उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "क्रूसापुढं घेतलेली शपथ मोडलीस. लाज न्हाई वाटत?"

"आक्का, घाण शब्द एक बी काढला न्हाई. तोफ म्हणलो."

"चूप बस." असे म्हणून त्यांनी उरलेली उसळ मामांच्या ताटात वाढली आणि वर तूप सोडले. त्या दिवसांत तूप आमच्याकडे सणालाच निघायचे. आवाज कोणाचा होता हे त्यांना कळले होते का, हे मी कधी विचारले नाही.

पुढच्या खेपेला फादर आले तेव्हा मामा पापकबुलीला गुडघे टेकून बराच वेळ बसले. बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारले, "काय म्हणाले?"

"अजून इचार चाललाय म्हणाले."

गेल्या थंडीत मामा गेले. नणंद मुलांना घेऊन साताऱ्याहून आली. माती देऊन आल्यावर सगळे जेवायला बसलो, पण प्रार्थनेला उठायचे कोणाला सुचेना. मग नणंद उठली. तिने घसा खाकरला, डोळे मिटले. आम्ही हात जोडले आणि वाट बघितली. प्रार्थनाच होती. आमेन झाले तरी कोणी ताटाला हात लावीना. तसेच बसून राहिलो, पुढे काही येते का म्हणून.